नणंदेचे मासे

ऊसतोड सुरू झाली की आमच्या बेलापूरच्या हवेला एक गोडसर, किंचित आंबूस वास येऊ लागतो. उसाने ठासून भरलेल्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालतात, मागे पाचटाचा चुरा उडत राहतो आणि कॉलेजला निघालेली माझी स्कूटर त्यांच्यामागे रखडते. पुलावर आले की मी सवयीने खाली बघते. पावसाळ्यात दोन्ही काठ धरून गेलेली प्रवरा तोवर डोहाडोहांत वाटली गेलेली असते. मधले खडक उघडे पडतात, त्यांच्यावर वाळलेल्या शेवाळाचा करडा पापुद्रा दिसतो, बगळे तिथे उभे राहून पाण्यात टक लावतात. मग माझ्या मनात ओळखीची एक कळ उठते. तिला दुसरं काही नाव देऊन बघितलं, जमलं नाही. ती हेव्याची आहे, आणि ती काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याने माझ्याकडे ठेवलेली आहे.

त्या हिवाळ्यात माझी नणंद शालिनी माशांची आतडी तपासायला माहेरी आली होती.

शालू माझी नणंद नंतर झाली, आधी वर्गमैत्रीण. नगरला प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर बसायचो. मासा कापायचा असला की तिचा हात थरथरायचा. माझी कात्री मात्र पोटाच्या मधल्या रेषेवरून अशी सरळ जायची की सर माझा ट्रे उचलून वर्गभर फिरवायचे. आतडं कुठेही न फाटता, वेटोळं न मोडता बाहेर काढणं ही माझी करामत होती. सुट्टीत मी शालूच्या घरी यायची, तिथे तिच्या थोरल्या भावाशी, प्रकाशशी, ओळख झाली आणि पुढे त्याच्याशीच माझं लग्न झालं. ती पुण्याला संशोधनाला गेली. मी तिच्या घरात आले. मला कोणी अडवलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. प्रकाश तर म्हणाला होता, तूही अर्ज कर. पण मूल झालं, बी.एड. झालं, इथेच जीवशास्त्राची नोकरी लागली, आणि एक एक वर्ष आपापल्या रास्त कारणाने निघून गेलं. कुणावर रागवावं असं कुणीच नव्हतं. राग काढायला माणूस नसला की त्याचा हेवा होतो, असा माझा अनुभव आहे.

त्या बदल्यात मला या घरात एक गोष्ट मिळाली होती: पप्पा. माझे सासरे. नदीकाठच्या वावरात ऊस आणि कधी कांदा करणारा, फार न बोलणारा माणूस. मम्मी, माझ्या सासूबाई, गेल्यावर ते आणखीच गप्प झाले आणि नदीवर बसू लागले. रविवारची मिस्सा आटोपली की चर्चचे कपडे बदलायचे, कणकेच्या गोळ्या डब्यात घ्यायच्या आणि गळ घेऊन डोहाकडे. मीही जाऊ लागले. ते एका दगडावर, मी त्यांच्या मागच्या. तासभरात चार वाक्यं होत असतील. गळाला मासा लागला की ते तो सोडवून मागे न बघता माझ्याकडे हात करायचे, आणि मी तो घ्यायची. सून म्हणून मला आवडलेला सगळ्यात मोठा मान तो होता. घरी येऊन मासा साफ करायची, आतडी मांजरीपुढे टाकायची, मरळ असली तर जिरं-लसणाचं पातळ कालवण करायची. उपवासकाळातल्या शुक्रवारी आमच्याकडे मटण-कोंबडी नसते, तेव्हा मासाच. पप्पा पानावर बसले की म्हणायचे, हिच्या हातचा मासा काट्यासकट खावासा वाटतो. त्यांची स्वतःची मुलगी मासा कापताना अजून डोळे मिटते, हे मला अशा वेळी हटकून आठवायचं.

आणि मग नाताळच्या तोंडावर ती मुलगीच आली. बर्फाच्या पेट्या, बरण्या, नळ्या, जाळीचे डबे, एक सूक्ष्मदर्शक. मागच्या पडवीत प्रकाशने तिच्यासाठी टेबल लावून दिलं, वर दिवा ओढून दिला. माझ्या बी.एड.च्या अभ्यासाच्या वेळी याच घरात टेबल मिळालं नव्हतं, मी गव्हाच्या कोठीवर वही ठेवून लिहिलं होतं. तेव्हा ते कुणालाच खटकलं नव्हतं, मलाही नाही. ते आता खटकलं.

नाताळच्या करंज्या खाता खाता तिने सगळ्यांना तिचं काम सांगितलं. काही रसायनं अशी असतात की ती पाण्यात, मातीत विरतच नाहीत. जुन्या फवारण्यांची असतात, आताच्या काही कपड्यांच्या, भांड्यांच्या लेपातली असतात. वर्षानुवर्षं ती नदीच्या तळाशी गाळात बसून राहतात. मासे गाळ चाळून खातात, ते त्यांच्या पोटात जातं. रक्तात, चरबीत ते किती साठतं यावर पुष्कळांनी काम केलंय. तिला बघायचं होतं ते आतड्यात काय होतं ते. अन्न पहिल्यांदा जिथे अंगाला लागतं, तिथे. सगळे ऐकत होते. प्रकाश अभिमानाने, मुलं तोंड उघडं टाकून. पप्पांनी तर करंजी हातातच धरली होती. मध्येच माझ्याकडे वळून शालू म्हणाली, "वहिनी, तुला हे माहीतच आहे म्हणा."

माहीत होतंच. दरवर्षी मी माशाची पचनसंस्था फळ्यावर काढते. पण त्या "म्हणा"मध्ये मी एका बाजूला ठेवली गेले, धुऊन पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखी.

दुसऱ्या दिवसापासून पप्पा तिच्याबरोबर नदीवर जाऊ लागले. मला कॉलेज होतं, वर्गपाठ तपासायचे होते. रविवारी गेले, तर माझ्या दगडावर बरण्यांची पेटी होती. दोघं पाण्याकडे वाकून कसल्या तरी गप्पा मारत होते. पप्पा गप्पा मारत होते. कुठल्या डोहात गाळ जास्त, कुठे पाणी कधी हिरवं पडतं, शिंगाडा मासा कुठे लपतो, पूर्वी वाम किती मिळायची. इतक्या वर्षांत यातलं मला किती सांगितलं होतं? मी विचारलं नव्हतं, हेही खरं. मी गप्प बसण्यालाच आमचं नातं समजत होते. तेवढ्यात गळ ताणला गेला. चांगली हातभर मरळ. पप्पांनी ती सोडवली, हात मागे केला. माझा हात आपोआप पुढे झाला होता. मासा माझ्या हातावरून शालूच्या डब्यात गेला.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय. मलाही तसंच वाटायचं, घरी परत येईपर्यंत. मग भाजी चिरताना विळीवर बोट कापायचं.

कापायला मात्र मीच लागले. तिचा हात अजून थरथरत होता. पुण्यात हे काम तिचे मदतनीस करत. संध्याकाळी मी कॉलेजातून आले की पडवीत बसायची, एकामागून एक चिलापी मासे उघडायची. आतडं बाहेर काढायचं, ती सांगेल तिथले तुकडे पाडायचे, तिने ते बरणीतल्या औषधात सोडायचे. ती मनापासून म्हणायची, सुमे, तुझ्यासारखं कुणालाच येत नाही गं. आम्ही दोघीच असलो की ती मला अजून सुमेच म्हणते. मला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाचाच राग यायचा. मासा मी उघडायचा आणि आत जे सापडेल ते तिचं.

तुकडे घेऊन ती मध्यंतरी पुण्याला जाऊन आली. तिथे त्यांचे मेणात ठोकळे करून, पापुद्र्याएवढे काप काढून, रंगवून काचपट्ट्या तयार केल्या होत्या. एका दुपारी तिने मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. पहिली पट्टी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ टाकीत वाढलेल्या चिलापीची. मी डोळा लावला आणि क्षणभर सगळं विसरले. आतड्याच्या आतल्या घड्या, लांबसडक, एकीशेजारी एक, गुलाबी जांभळ्या. मधे मधे चिकट पदार्थ सोडणाऱ्या पेशींचे निळे थेंब. किती वर्षांनी बघत होते मी. मग तिने पट्टी बदलली. आमच्या डोहातल्या माशाची. घड्या आखूड, बोथट, कुठे एकमेकींना चिकटलेल्या, टोकं झिजून उघडी पडलेली. निळे थेंब हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शालू शेजारून हळू आवाजात सांगत होती. चिकट थर पातळ झाला की आतडं राखलं जात नाही. जे आत येऊ नये ते भिंतीतून आत झिरपतं. शिवाय आतड्यात जे उपकारी जंतू राहतात, पचनाला मदत करणारे, त्यांची वस्तीच बदलून जाते. चांगले कमी होतात, भलतेच माजतात. मासा खात राहतो, पोट भरलेलं दिसतं, पण अंगाला लागत नाही.

मी डोळा काढला नाही. हे सगळं मला कळत होतं, शब्दन्शब्द. आणि हेच आतडं मी दर रविवारी मांजरीपुढे टाकत आले होते. मला तिच्या नोकरीचा, पुण्यातल्या घराचा, नावापुढच्या डॉक्टरचा हेवा वाटतो असा माझा समज होता. त्या दुपारी कळलं की हेवा या बघण्याचा आहे. एखादी गोष्ट समोर असताना ती बघायची असते, हे तिला कुणीतरी शिकवलं होतं, आणि तोवर मी माशाचं कालवण चांगलं करायला शिकले होते.

पुढे वरच्या अंगाचे मासे हवे होते, तुलना करायला. ऊस, कांदा, गावांची गटारं लागायच्या आधीची प्रवरा. उपवासकाळ सुरू झाला होता. प्रकाशची गाडी घेऊन शालू, पप्पा आणि मी अकोले गावाच्या पुढे राजूरला गेलो. डोंगर जवळ येत गेले, हवा कोरडी आणि थंड होत गेली. बाजाराचा दिवस होता. धरणाच्या पाण्यातून पकडलेली चिलापी घेऊन एक बाई बसली होती. शालूने बर्फाच्या पेटीत घालण्यासाठी मासे निवडले. त्यांतला एक मी तिथेच, ओढ्याकाठच्या सपाट खडकावर उघडला. कात्री लावताच फरक हाताला कळला. आतडं भरीव, गुळगुळीत, ओढलं तरी न तुटणारं. आमच्याकडचं ओल्या कागदासारखं सुटायचं. पप्पा उकिडवे बसून बघत होते. त्यांनी ते बोटावर घेतलं, उन्हात धरलं.

"आपल्या माशाचं असं का न्हाई?" त्यांनी विचारलं.

शालू म्हणाली, अजून पुष्कळ तपासायचंय, पप्पा, नक्की झालं की सांगते. परतीच्या वाटेवर पप्पांना मागच्या सीटवर डुलकी लागली, तेव्हा ती मला म्हणाली की त्यांना तूच सांग. माणसांना यातून काय होतं हे माझ्या कामात येत नाही, मी छातीठोक बोलू शकत नाही. पण दर आठवड्याला हा मासा माझ्या घरात शिजू नये असं मला वाटतं. त्यांच्याजवळ आता नदीशिवाय आहे काय? मला नाही सांगवणार.

मी गाडी चालवत होते. समोर उसाची बैलगाडी होती, तिला वळसा घातला आणि म्हणाले, "नदीवर तू जातेस त्यांच्याबरोबर. तूच सांग." ती खिडकीबाहेर बघू लागली.

पुढच्या शुक्रवारी पप्पांनी आणलेल्या चिलापीचं कालवण मी केलं. मी ठरवलं होतं की हे ओझं माझं नाही. पप्पांनी प्रार्थना म्हटली. प्रकाश आणि मुलं बाहेर गेलेली; पानावर आम्ही तिघंच. शालूने भाताशी लोणचं घेतलं आणि वाटी बाजूला सारली. पप्पांनी ते बघितलं. ते सावकाश म्हणाले की राजूरला विचारलेलं अजून राहिलंय.

शालू सांगू लागली. तिने खरंच प्रयत्न केला. पण तिच्या तोंडी परिषदेतली मराठी येत गेली, अधिवास आणि जैवसंचय आणि श्लेष्मल आवरण. प्रत्येक वाक्याला ती स्वतःच एक पण जोडत होती. पप्पा ऐकत राहिले, मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"सुमती, तू सांग. तिचं मला उमगंना."

मी शालूकडे बघितलं. ती ताटाकडे बघत होती. मग मी सांगितलं. माशाचं आतडं म्हणजे आपलं वावर समजा, पप्पा. वरचा थर चांगला असला, त्यातले बारीक जीव जिवंत असले, तर खत-पाणी मुळाला लागतं. आपल्या माशाचा तो थरच झिजलाय. जे विष विरत नाही ते गाळात बसलंय, ते त्याच्या पोटात रोज थोडं थोडं जातं. तो खातो आणि उपाशीच राहतो. आणि तोच मासा आपण खातो. आपल्याला त्याने किती होतं ते शालूला ठाऊक नाही, ती खोटं बोलणार नाही. पण ती स्वतः खात नाहीये, ते तुम्ही बघितलंच.

पप्पांची बोटं भातावर थांबली. मग त्यांनी विचारलं की हे विष कारखान्याचं का. शालू म्हणाली, एका कुणाचं नाही. काही तर फार जुनं आहे, पूर्वी शेतात वापरायचे, आता बंद झालेलं.

"पांढरी पावडर," पप्पा म्हणाले. "उसाला वाळवी लागली की आमी हातानं फेकायचो. घमेल्यातून, बी पेरल्यागत. काठापतूर फेकली हाय मी. मग तिथंच हात धुयाचे."

त्यांनी समोरची वाटी ओढली आणि भातावर कालवण ओतून घेतलं. शालूने हात पुढे केला, तर तो त्यांनी हळूच बाजूला केला. म्हणाले, रांधलेलं टाकायचं न्हाई, आजचं खातो. पुढच्या शुक्रवारी डाळ कर, पोरी. काटे काढत, शांतपणे, त्यांनी पान संपवलं. त्यानंतर माझ्या हातचा मासा त्यांनी खाल्लेला नाही.

भांडी घासताना शालू शेजारी उभी राहून विसळत होती. तिचे डोळे लाल होते. मला वाटलं पप्पांसाठी. ती म्हणाली, "मी त्यांची मुलगी आहे. आणि मला काय सापडलं ते त्यांना तुझ्याकडून ऐकावं लागतं. मला तुझा फार हेवा वाटतो सुमे. पुण्याला गेल्यापासून वाटतो."

"माझा त्याहून जुना आहे," मी म्हणाले.

ती हसली नाही, मीही नाही. तिने पातेलं विसळून माझ्याकडे दिलं. मला हलकं वाटायला हवं होतं, असं पुष्कळदा मनात येतं. वाटलं ते वेगळंच. इतकी वर्षं जे मी एकटीचं म्हणून सांभाळलं होतं, ते तिच्याकडेही होतं, आणि कदाचित माझ्यापेक्षा जास्त. मला तिच्या हेव्याचाही थोडा हेवा वाटला.

त्यानंतर गावात ती चार ठिकाणी बोलली. काहींनी ऐकलं. मासे विकणाऱ्या घरांनी आमच्याशी बोलणं कमी केलं, आणि त्यांचंही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. नदी काही सुधारली नाही. पप्पा त्या उन्हाळ्यात डोहाकडे फिरकले नाहीत, वावरात नुसते बांधावर बसत. पण पुढच्या ऊसतोडीला शालू पुन्हा आली, तेव्हा ते आपणहून गळ घेऊन निघाले. आता ते फक्त तिच्यासाठी मासे धरतात. दर हिवाळ्यात. मी संध्याकाळी पडवीत बसून कापते. त्या दिवसांत घर तिचं होतं, टेबल तिचं, पप्पा तिचे, जेवताना बोलणं तिचं. मी मनात कुढते, तिला तिखट डाळ वाढते, आणि ती निघाली की पडवी झाडताना उगाच वेळ लावते.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्याकडे आता मोठा विभाग आहे, निघता येणार नाही. एक विद्यार्थिनी पाठवते, म्हणाली, फार हुशार मुलगी आहे, सगळं नीट करेल, तुला काही बघावं लागणार नाही. पप्पांना तिने आधीच सांगितलं होतं आणि ते बरं म्हणाले होते.

मी म्हणाले, त्या मुलीला पाठवू नकोस. थोड्या दिवसांसाठी का होईना, तू ये.

"का गं? तुला तर मी आलेली आवडत नाही."

"नाही आवडत," मी म्हणाले. "तरी ये."